साइडपट्टी कुठे गेली?

उतरायचं तरी कुठे, ते सांगा ना! मी सायकलवर असताना मागून हॉर्न बडवत येणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच विचारायचंय. डांबर संपतं तिथे वीतभर खाली खाच, खाचेत सुटी खडी, दारूच्या फुटक्या बाटल्या आणि बाभळीचे काटे. माझं टायर 28 मिलिमीटरचं. तिथे उतरलो की एक तर ट्यूब फाटते नाहीतर मी पडतो.

गेल्या रविवारी पडलोच.

पहाटे साडेचारला छत्रपती संभाजीनगरहून निघालो होतो. दौलताबाद, खुलताबाद, वर म्हैसमाळ, परत खाली वेरूळ, कन्नड, मग पिशोरवरून सिल्लोड आणि फुलंब्रीमार्गे घरी. दोनशेच्या आसपास भरतं. बीआरएम म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायचं; 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात, त्याचा सराव चाललाय. चढाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे, शेवटच्या वळणांवर मांड्या पेटतात, सगळ्यात हलका गियर लावूनही सायकल ताशी आठच्या वर सरकत नाही. ते कष्ट मी हौसेने घेतलेत आणि ते मला प्रिय आहेत. पण ताशी आठने चढणारी सायकल सरळ रेषेत जात नाही हो, थोडी डुलते. तिला हातभर जागा लागते. तेवढीही द्यायची नाही?

पिशोरच्या अलीकडे एक चढ आहे. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. मागून मालवाहू पिकअप. त्याला दहा सेकंद थांबवेना. हॉर्न दाबूनच धरला आणि माझ्या कोपराला आरसा घासून गाडी घातली. पुढचं चाक कडेवरून खाली गेलं, मी खडीत. कोपर सोललं, रिम वाकून तिला आठ पडला. आणि तो खिडकीतून मलाच ओरडतो, "बाजूला घ्यायला काय होतं?" कुठे घेऊ बाजूला? दाखव ना खाली उतरून! तोवर तो गेलाही.

एक दूधवाला मोटारसायकल लावून धावत आला. पाणी दिलं, सायकल उचलून दिली. म्हणाला, "भाऊ, आमचीबी गाडी इथंच घसरती. मागं दोन कॅन सांडले माझे." म्हणजे हे फक्त हेल्मेट घालून फिरणाऱ्या हौशी लोकांचं रडगाणं नाही. त्याच कडेने पोरी शाळेत जातात. मानव विकासच्या योजनेतून सरकारच त्यांना सायकली देतं आणि ती सायकल चालवायला रस्त्याला कड ठेवत नाही! श्रावणात शुक्रवारी रात्री भद्रा मारुतीला हजारो माणसं खुलताबादेला पायी निघतात, त्यांनी तरी अंधारात चालायचं कुठून?

ही खाच काही आकाशातून पडलेली नाही. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक. दर थराला रस्ता वर येतो, बाजूचा मुरूम मात्र होता तिथेच राहतो. साइडपट्टी भरायची म्हणजे मुरूम आणून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायचा असतो. इथे ट्रॉलीने ओततात, फावड्याने पसरतात आणि पहिल्या पावसात तो शेतात वाहून जातो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कडेला आधार नसला की डांबराची किनार बिस्किटासारखी तुटत आत सरकते. रस्ता दरवर्षी अरुंद होतो आणि गाड्या दरवर्षी रुंद. हे सगळं रस्ते बांधणाऱ्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने ठाऊक आहे, म्हणून तर संताप येतो! चौपदरी महामार्गावर जिथे डांबरी शोल्डर, म्हणजे पक्की साइडपट्टी, आहे तिथे मी ट्रकांच्या शेजारून तासन् तास गेलोय. ना मला त्यांचा त्रास, ना त्यांना माझा.

फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा कायदाच आहे. आपल्याकडे दीड फूट मिळालं तरी मी हात वर करून आभार मानतो. आणि खरंच मानतो, कारण सोडणारेही आहेत. एसटीचे कितीतरी चालक मागे दम धरतात, वळण संपेपर्यंत हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. त्यांना जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?

उतारावरच्या त्या जाड पांढऱ्या पट्ट्यांबद्दल आज बोलतही नाही. ऐन वळणावर, एकापाठोपाठ सहा. ब्रेकवरचे हात सुटतात.

घरी पोचलो तो दुसऱ्याच्या टेम्पोत, सायकल आडवी टाकून. 130 किलोमीटर झाले होते, पुढचं अंतर कापायला पाय शाबूत होते. आई दारातच म्हणाली, "पुरे झालं आता ते सायकलचं." तिला काय सांगू? चाक सरळ करायला टाकलंय, गुरुवारी मिळेल. रविवारी परत त्याच चढावर जाणार आहे, सोबत मोजपट्टी घेऊन. खाच किती खोल आहे ते मोजून, फोटो काढून, लेखी तक्रार देणार आहे. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही.