आत्या, तुमच्याकडे कदर आहे

भाच्याच्या गाण्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन महिने जुंपली आहे. मुलगा चोवीस वर्षांचा, नाशिकला असतो. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकून देतो. दीड वर्षापूर्वी बायपोलरचं, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली नेणाऱ्या आजाराचं, निदान झालं आणि नोकरी सुटली. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आधी ते गाणंबिणं बंद करा, त्यानेच डोकं फिरलंय. गोळ्या घेऊ दे, मग लग्नाचं बघू. दुसरा म्हणतो, कलाकार थोडा वेडाच असतो, गोळ्या देऊन पोराचं गाणं मारू नका. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे: ‘अमेरिकेत असता तर कुठल्या कुठे गेला असता. तिथे कदर आहे.’ हे आलं की सगळे माझ्याकडे वळतात, कारण मी ऑस्टिनमध्ये राहते.

कदर म्हणाल तर आहे, आणि ती भिंतीवर रंगवलेली आहे. विद्यापीठाला लागून ग्वाडालूप नावाचा रस्ता जातो. तिथे एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बेडूक आहे, डोळे देठांवर बसवल्यासारखे बाहेर आलेला. वर काळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘हाय, हाऊ आर यू’. मुलं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. एका कॅसेटच्या दुकानाने १९९३ मध्ये हे चित्र डॅनिएल जॉन्स्टन या गाणी करणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या माणसाकडून रंगवून घेतलं. दुकान गेलं, पुढे नवा भाडेकरू भिंत पाडणार होता. लोकांनी ओरड केली आणि बेडूक राहिला. डॅनिएलचा जन्मदिवस २२ जानेवारी. त्या दिवशी अनोळखी माणसालाही ‘कसा आहेस’ म्हणून विचारायचं, असा प्रघात शहराने पाडलाय.

हा डॅनिएल जन्मला १९६१ साली, वाढला वेस्ट व्हर्जिनियात, आणि एका फिरत्या जत्रेबरोबर भटकत ऑस्टिनला येऊन टेकला. इथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये टेबलं पुसायचा आणि भेटेल त्याच्या हातात स्वतःची कॅसेट ठेवायचा. एकोणसाठ डॉलरच्या टेपरेकॉर्डरवर केलेली गाणी. सुरुवातीला कॅसेटची नक्कल काढायची सोयच नव्हती. कुणी मागितली की हा गडी बसायचा आणि अख्खी कॅसेट पहिल्यापासून पुन्हा गायचा.

आता सुराचं. माझ्या गाण्याच्या बाईंनी हे ऐकलं असतं तर पहिल्याच ओळीला पेटी मिटली असती. आवाज बारीक, शाळकरी पोरासारखा, चिरका. गिटार बडवलेली, मागे टेपची खरखर. मला अजूनही त्यातली निम्मी गाणी सहन होत नाहीत. उरलेली निम्मी ऐकताना मात्र मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून उभी राहते. आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. तिघेही आपापल्या जागी तयार. त्यामुळे एकटाच तिन्ही कामं अर्धीकच्ची करणारा आला की त्याला कोणत्या फुटपट्टीने मोजायचं हे आपल्याला कळत नाही. काकांनी भाच्याला एका ओळीत निकालात काढलं, ‘आवाजाला तयारी नाही’. खरंच नाही. पण तेवढ्याने गाणं संपतं का, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारलाच नाही.

आणि वेडाचं. १९९० साली ऑस्टिनमधल्या कार्यक्रमानंतर डॅनिएल वडिलांबरोबर छोट्या विमानातून घरी निघाला होता. वडील हवाई दलातले जुने वैमानिक, विमान तेच चालवत होते. वाटेत मुलाला वाटलं, आपण कॉमिकमधलं ते भलं भूत कॅस्पर आहोत. त्याने विमानाची किल्ली काढली आणि खिडकीतून फेकून दिली. वडिलांनी विमान झाडांवर उतरवलं म्हणून दोघे वाचले. नंतर निर्वाणा या गाजलेल्या बॅंडच्या कर्ट कोबेनने बेडकाचा टी-शर्ट घालून सगळ्या जगाला हे नाव दाखवलं आणि मोठ्या कंपन्या याच्या मागे लागल्या, तेव्हा हा मनोरुग्णालयात होता. एका कंपनीला त्याने नकार दिला, कारण तिच्याकडे मेटॅलिका हा हेवी मेटल बॅंड होता आणि याच्या लेखी ते सैतानाचे दूत. दुसरीने १९९४ मध्ये एक अल्बम काढला, खपला नाही म्हणून दोन वर्षांत करार मोडला. कलाकार थोडा वेडाच असतो म्हणणाऱ्या तटाने ही किल्ली एकदा हातात घेऊन बघावी.

मग तो टिकला कसा? ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. मुलगा अठराचा झाला की अमेरिकन आईबाप त्याला बाहेर काढतात, अशी आपली पक्की समजूत. हा माणूस इथून दोनेक तासांवरच्या वॉलर गावात आईवडिलांच्या घरात राहिला, नंतर त्यांच्या शेजारच्या घरात. पुढे त्याचं सगळं काम भाऊ बघायचा. औषधं चालू होती, गाणीही चालू होती. २०१७ मध्ये तो शेवटच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा शहराशहरातल्या नावाजलेल्या वादकांनी त्याला साथ केली. २०१९ च्या सप्टेंबरात घरीच गेला, अठ्ठावन्न वर्षांचा होऊन. ‘आमच्यानंतर याचं कोण?’ ही माझ्या दादाची, म्हणजे भाच्याच्या वडिलांची, रात्रीची चिंता त्या म्हाताऱ्या जोडप्यालाही होती.

शहराने काहीच केलं नाही असं नाही. १९९५ मध्ये इथल्या एका बॅंडच्या सिम्स एलिसन या वादकाने आत्महत्या केली. त्याच वर्षी त्याच्या नावाने सिम्स फाउंडेशन सुरू झालं, जे कलाकारांना परवडेल अशा खर्चात मानसोपचार मिळवून देतं. माझ्या मते भिंतीपेक्षा ही कदर मोठी. बाकी या देशाच्या सोयींचं कौतुक मला सांगू नका: चांगला विमा असूनही मला समुपदेशकाची पहिली तारीख सात आठवड्यांनी मिळाली होती. तिकडे भाच्याला डॉक्टर चार दिवसांत भेटले. तिकडची अडचण पुढे आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यायचं बंधन आलं, पण त्यासाठी कागदावर आजाराचं नाव लिहावं लागतं, आणि वहिनी अजून शेजारी ‘पित्ताचा त्रास आहे’ म्हणूनच सांगते.

परदेशातून उपदेश करणं सोपं, हे मला दादाने बजावलंय, आणि ते बरोबर आहे. डबा भरणारी, गोळी मोजणारी मी नाही. तरी कॅनडातल्या कॅलगरीत राहून जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे मानसिक आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलतात, पित्ताचं नाव न घेता. दादाला मी तिथला फोन नंबर दिलाय. त्याने लावला की नाही, विचारलेलं नाही.

डॅनिएलच्या सुरुवातीच्या कॅसेटांत मधूनच त्याच्या आईचा आवाज येतो. ती त्याला आळशी म्हणून झापतेय, आणि याने ते चोरून टेप करून गाण्यांच्या मध्ये घातलंय. परवा भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. काल रात्री नऊला, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेआठला, त्याचं नवं गाणं आलं. दुसऱ्या कडव्यात सूर घसरतो. तिथेच मागून वहिनी ओरडते, ‘गोळी घेतलीस का रे? चहा गार होतोय!’ आणि तो गाणं न थांबवता म्हणतो, ‘घेतली’.