‘कणाचं काम काय?’ या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

‘परखड वाचक’ साहेब,

‘हात न लावता मोजणं’ या माझ्या लेखाखाली (वस्तूला न शिवता प्रकाशाच्या पट्ट्यांवरून कसं मोजतात, आणि त्यात प्रकाश लाटेसारखाही वागतो, कणासारखाही, हा त्याचा विषय) तुम्ही जी प्रतिक्रिया टाकली, ती आधी जशीच्या तशी इथं ठेवतो, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसावं लागणार नाही. तुम्ही लिहिता: “पट्टे मोजायला लाट पुरते, कणाचं तिथे कामच नाही. कण घातलाय तो लेखाला वजन यावं म्हणून. खेड्यात बसून इंटरनेटवरून उचललेलं लिखाण वाटतं. लेझर लेव्हलरचं उदाहरण गैरलागू. लेख फार लांब आहे.”

शेवटून सुरुवात करतो. लेख लांब होता, मान्य. यंग या शास्त्रज्ञाच्या दोन फटींच्या प्रयोगावर मी जेवढं लिहिलं ते अर्ध्यात आटोपलं असतं. शेत सपाट करायच्या लेव्हलरमध्ये व्यतिकरण (प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून पट्टे पडणं) नसतं, नुसता फिरता किरण आणि पाट्याच्या दांड्यावरचा रिसीव्हर असतो, हे मलाही ठाऊक आहे. प्रकाशानं लांबून मोजता येतं एवढंच तिथं दाखवायचं होतं. तो विषय सोडा.

आता ‘खेड्यात बसून’. हो, बसलोय. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात. लाइन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो, मग लिहिलेलं पाठवायला धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागतं. पण याचा प्रकाशाच्या कणांशी काय संबंध, ते तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही कुठले ते विचारत नाही. जिथं नावच नाही तिथं गाव कुठून सापडणार? मतभेद असावेत, जरूर असावेत. या ब्लॉगवर कपाशीच्या बोंडअळीवरून लोक माझ्याशी आठवडा-आठवडा भांडलेत आणि मी एकही प्रतिक्रिया उडवली नाही. पण ‘हे चूक आहे, कारण असं असं’ हे म्हणणं वेगळं आणि ‘उचललेलं वाटतं’ हे वेगळं. ‘वाटतं’ म्हटलं की पुरावा द्यावा लागत नाही, ही सोय तुम्ही बरोबर ओळखली आहे.

पुरावाच हवा असेल तर माझा घ्या. वावर बघायला गावी परत येण्याआधी मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या गेज रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, बरीच वर्षं काढली. आयटीआयवाला माणूस, इंजिनिअर नाही. ॲल्युमिनियमची पातळ रिंग मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली की ती दबते आणि दबलेला आकडाच तुम्ही रजिस्टरमध्ये खरा म्हणून लिहिता. खडबडीतपणा मोजायची सुई तांब्याच्या चकचकीत जॉबवरून फिरवली की तिचा ओरखडा राहतो आणि गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं. मोजताना वस्तूला शिवू नये, ही गरज मला इंटरनेटनं शिकवलेली नाही. साहेबांच्या शिव्यांनी शिकवली.

सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काचेची चकती, ठेवला की काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर गेज सपाट. वाकले असतील तर किती वाकले त्यावरून खड्डा किंवा उंचवटा कळतो. एका काळ्या पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेलं की मधल्या हवेच्या फटीची जाडी अर्ध्या तरंगलांबीनं (तरंगलांबी म्हणजे लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर) बदलते. सोडियमसाठी 589 नॅनोमीटरचे निम्मे, म्हणजे 294.5. मायकेलसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1892-93 मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर इथं आख्खा मीटर कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या लांबीत मोजला, तोही लाटेच्याच जोरावर. 1960 साली मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-86 च्या नारिंगी प्रकाशाच्या 16,50,763.73 तरंगलांब्या अशी झाली आणि 1983 पर्यंत तीच चालली. हे सगळं मूळ लेखात होतं. इथपर्यंत लाट पुरते, आणि इथपर्यंत मी कणाचं नावही काढलेलं नाही. तुम्ही पुढचा भाग वाचला की लांबीला कंटाळून तिथंच थांबलात, ते तुम्हालाच माहीत.

आता तुमचं ते एक वाक्य: कणाचं कामच नाही.

मग तो पट्टा वाचतो कोण? गेज रूममध्ये माझे डोळे वाचत होते, आजच्या यंत्रात फोटोडायोड, म्हणजे उजेडाची वीज करणारा छोटा भाग, वाचतो. एका पट्ट्याचा शंभरावा, हजारावा, लाखावा हिस्सा हवा असेल तर उजेड किती कमीजास्त झाला ते मोजावं लागतं, आणि उजेड येतो तो सुटा सुटा. आइन्स्टाइननं 1905 मध्ये सांगितलं ते हेच: प्रकाशाची ऊर्जा ठरावीक गठ्ठ्यांत घेतली-दिली जाते. टिनावर पाऊस पडायला लागतो तेव्हा पहिले थेंब कधी दोन लागोपाठ, कधी बराच वेळ एकही नाही, असे वाजतात. धो धो लागला की आवाज एकसारखा वाटतो, पण आतली खरखर संपलेली नसते, नुसती दबलेली असते. फोटॉनचंही, म्हणजे प्रकाशाच्या या गठ्ठ्यांचंही, तसंच. N फोटॉन मोजले तर त्यात सुमारे N च्या वर्गमुळाएवढी वर-खाली होणारच. यंत्र कितीही महागाचं आणा.

आकड्यांत बघा. शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल हीलियम-निऑन लेझर 632.8 नॅनोमीटरचा असतो. एक मिलिवॅटचा असेल तर त्यातून सेकंदाला सुमारे 3.2 गुणिले 10 चा 15 वा घात, म्हणजे 32 कोटींना एक कोटीनं गुणा, एवढे फोटॉन निघतात. त्याचं वर्गमूळ साडेपाच कोटींच्या घरात. म्हणजे उजेडाचं सेकंदभराचं मोजमाप साडेपाच कोटींत एका हिश्शाहून बारीक जाऊ शकत नाही. पट्ट्याच्या भाषेत लांबी काढली तर ही मर्यादा प्रोटॉनच्या आकाराच्या आसपास येते. पट्टे कुठं पडतील ते लाट सांगते. ते किती बारीक वाचता येतील ते कण ठरवतो. लेखात हेच लिहिलं होतं, जरा नीट शब्दांत.

हो, कारखान्यात ही मर्यादा कोणाच्या आड येत नाही, एवढं किरकोळ तुमचं बरोबर. लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची असतात आणि मीटरभर लांबीचं पोलाद एका अंशाला साधारण 11 ते 12 मायक्रॉन वाढतं. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या गेज रूममध्ये फोटॉनची खरखर शोधायला कोण जाणार? तिथं तापमान, हादरे आणि शिफ्ट बदलतानाची घाई यांचाच नंबर आधी लागतो.

पण जिथं हे सगळं आवरून बसतात, तिथं काय होतं ते बघायला तुम्हाला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या वाशिमला लागून हिंगोली जिल्हा आहे, तिथं औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशाला ताणत-आवळत जाणाऱ्या लहरी) पकडणारी वेधशाळा होऊ घातलीय. 2016 मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची पक्की मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं हे मायकेलसनच्याच घराण्यातलं यंत्र: प्रकाश दोन वाटांनी धाडायचा, परत एकत्र आणायचा आणि मिसळल्यावर उजेड किती बदलला ते बघायचं. अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. भुजेच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या घरातला. तिथल्या लोकांना रोज छळणारा प्रश्न कोणता? फोटॉनची हीच खरखर. ती दाबायला लेझरची ताकद वाढवली, तर प्रत्येक फोटॉन आरशावर आपटून त्याला ढकलतो, आणि हे ढकलणंही सुट्या सुट्या धक्क्यांचं असल्यामुळे 40 किलोचा आरसा अनियमित हलतो. म्हणजे हात न लावता मोजणाऱ्या प्रकाशाचाही हात लागतोच! आमच्या एक मिलिवॅटच्या लेझरचा आरशावर जोर पडतो सुमारे 6.7 पिकोन्यूटन, नगण्य, पण शून्य नव्हे. उजेड कमी ठेवला तर खरखर, वाढवला तर धक्के. या दोन्हींच्या मधून वाट काढायला 2019 पासून तिथं ‘दाबलेला’ प्रकाश वापरतात: एका बाजूची खरखर कमी करायची आणि ती दुसऱ्या बाजूला गेलेली चालवून घ्यायची. नुसत्या लाटेच्या हिशोबात असा प्रकाश बसत नाही. कण ‘वजनासाठी घातलाय’ म्हणता, तर हे वजन मी घातलेलं नाही, आरशावर पडलेलं आहे.

तुमचा पुढचा डाव मला माहीत आहे. म्हणाल, तुकडे प्रकाशात नाहीत, डिटेक्टरमध्ये आहेत. लाट येते आणि डायोड आपला टकटक करतो. हा आक्षेप खरोखर चांगला आहे आणि तुम्ही तोच घेतला असता तर मी खूश झालो असतो. 1909 मध्ये जी. आय. टेलरनं अतिशय मंद उजेडात, सुमारे तीन महिन्यांचं एक्स्पोजर देऊन सुईच्या सावलीचे पट्टे घेतले, त्यावर हा आक्षेप लागू पडतो. 1986 च्या प्रयोगावर पडत नाही. ग्रँजिए, रोजे आणि अस्पे यांनी कॅल्शियमच्या अणूंतून एकेक फोटॉन काढून अर्धा प्रकाश परतवणाऱ्या आणि अर्धा पलीकडे जाऊ देणाऱ्या आरशावर सोडला. दोन वाटांवर दोन डिटेक्टर. लाट असती तर ती वाटली जाऊन दोन्ही डिटेक्टर अधूनमधून एकाच वेळी वाजले असते. लाटेच्या हिशोबानं जेवढं वाजायला हवं होतं, त्याहून ते फारच कमी वाजले. मग त्याच उगमापुढं दोन्ही वाटा परत एकत्र आणल्या, तर पट्टे स्वच्छ उमटले. एका मांडणीत फोटॉन वाटला जात नाही आणि दुसरीत पट्टे देतो. अस्पे यांना 2022 चं नोबेल मिळालं, ते फोटॉनांवरच्याच दुसऱ्या प्रयोगांसाठी. तेही बहुतेक इंटरनेटवरून उचलत असतील.

आणि हा प्रश्न प्रकाशापुरता तरी कुठं आहे? वेल्डिंग केलेल्या जाड पोलादाच्या आत ताण किती उरलाय, ते कापल्याशिवाय कसं मोजणार? प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या क्ष-किरणांना पोलादात काही मायक्रॉनच वाट मिळते. न्यूट्रॉन मात्र काही सेंटिमीटर आत जातो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीसारख्या ठिकाणी असे न्यूट्रॉन मिळतात. त्यांची तरंगलांबी पोलादातल्या अणूंच्या थरांमधल्या अंतराएवढीच असल्यामुळे ते ठरावीक कोनात विखुरतात. ताणानं थर किंचित सरकले की कोन सरकतो. कोन मिळतो लाटेमुळे. पण त्या कोनात बसलेला डिटेक्टर न्यूट्रॉन मोजतो एकेक करून, आणि पुरेसे न्यूट्रॉन जमेपर्यंत लोक तासन् तास बसून राहतात. ते तास वर्गमुळाचे असतात, साहेब: अचूकता दुप्पट हवी तर वेळ चौपट. लाट पुरत असती तर एवढं ताटकळत काहून बसले असते?

इलेक्ट्रॉनचं तर घरातच भांडण झालं असतं. बाप जे. जे. थॉमसन, इलेक्ट्रॉन हा कण दाखवणारा, 1906 चं नोबेल. मुलगा जी. पी. थॉमसन, इलेक्ट्रॉन लाटेसारखा विवर्तित होतो (पसरून पट्टे किंवा कडी उमटवतो) हे 1927 मध्ये दाखवणारा, 1937 चं नोबेल डेव्हिसनसोबत. तुम्ही त्या घरात जेवायला गेला असता तर कोणाला ‘वजनासाठी’ म्हणाला असता? एक लाख व्होल्टवर पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.0037 नॅनोमीटर, हिरव्या प्रकाशाच्या सुमारे दीड लाखाव्या हिश्शाएवढी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा आहे तो त्यावर, आणि त्यातलं चित्र भरतं ते एकेक ठिपका पडून. 1989 मध्ये टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके साचत साचत पट्टे तयार होताना चित्रितच केले.

तेव्हा असं करा. 1986 चा तो प्रयोग, त्याचे दोन्ही भाग, फक्त लाट वापरून समजावून सांगा. कण एकदाही येता कामा नये. तुमचं उत्तर मी एक काना-मात्रा न बदलता इथं स्वतंत्र लेख म्हणून टाकीन, लांबीची अट नाही. खाली नाव घालायचं की ‘परखड वाचक’च ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.