‘तेव्हा कुणाला कळतच नव्हतं’ हे खरं नाही

हल्ली एक मजकूर सगळीकडे फिरतोय: आफ्रिकी माणसांना गुलाम करणं चूक आहे, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही, धर्माने तर पाठराखणच केली, विरोध सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात, धंदा परवडेनासा झाल्यावर.

कुणाच्याच डोक्यात नाही? ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांना तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्यांना या ‘कुणा’त धरायचंच नाही का? लोरेन्सो दा सिल्व्हा द मेंडोन्सा हा अंगोलाचा कृष्णवर्णीय माणूस १६८४ साली थेट रोमला गेला आणि पोपच्या दरबारी त्याने दाद मागितली. बळाने किंवा फसवून पकडलेल्यांची खरेदी-विक्री निषिद्ध, असा निर्वाळा तिथून १६८६ मध्ये निघाला. पाळला कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

धर्माने साथ दिली हे मात्र अर्धं खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. बिगरख्रिस्ती लोकांना गुलाम करण्याची मुभा पोर्तुगालच्या राजाला १४५२ साली पोपनेच दिली होती. पण त्याच चर्चच्या कॅपुचिन या साधूसंघाचे दोन धर्मगुरू, हाका आणि म्वारां, १६८१च्या सुमारास क्युबातल्या हवानात मालकांना बजावत होते: गुलाम सोडा, त्यांची आजवरची मजुरी चुकती करा, नाहीतर पापक्षमा मिळणार नाही. दोघांना अटक करून स्पेनला धाडलं.

आणि धंदा परवडेनासा झाल्यावर विरोध? सतराव्या-अठराव्या शतकात तो धंदा वाढतच होता. १७३८ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टनला क्वेकर या ख्रिस्ती पंथाची वार्षिक सभा भरली. गुलाम बाळगणारे क्वेकर समोर बसलेले. बेंजामिन ले हा ठेंगणा, पाठीला पोक आलेला माणूस उठला. हातातल्या ग्रंथाच्या पोटात त्याने लाल रसाने भरलेला फुगा दडवला होता. त्याने ग्रंथात तलवार खुपसली आणि रक्तासारखा रस आसपासच्यांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं.

त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १६८८च्या एप्रिलमध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी आपल्याच क्वेकर पंथाला निवेदन दिलं होतं. त्यातला मुद्दा असा: समुद्रात अनोळखी जहाज दिसलं, की तुर्क धरून नेऊन विकतील या भीतीने आपलं काळीज लटपटतं. मग आपण वेगळं काय करतोय? माणूस चोरणारा आणि चोरलेला माणूस विकत घेणारा, दोघे सारखेच नाहीत का? मासिक सभेने विषय फार जड आहे म्हणून कागद त्रैमासिक सभेकडे दिला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने निर्णय द्यायचं टाळलं. त्या भागातल्या क्वेकरांना गुलाम बाळगायला सक्त मनाई झाली ती १७७६ साली. सगळं कळूनही ८८ वर्षं गेली.