‘ट्वायलाइट’मधली नजर कोणाची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी आणि तिच्यावर निघालेला पहिला चित्रपट यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. प्रतिक्रियेखाली आपण नाव न घालता ‘बडोद्यातील एक निवृत्त शिक्षिका’ एवढेच लिहिले आहे, म्हणून याच शहरातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने जसे म्हणावे तसे मी आपल्याला ‘बाई’ म्हणते.

आपला मुख्य आक्षेप असा, की वयाची शंभरी ओलांडलेला एडवर्ड हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा अमर पुरुष, सतरा वर्षांच्या बेला या मुलीच्या खोलीत रात्री तिच्या नकळत येतो, तिला झोपलेली पाहत बसतो, आणि लेखिका त्यालाच प्रेम म्हणते; अशा पुस्तकाची चाहती असणे आणि वर त्याच्या चित्रपटाचे कौतुक करणे हे बेजबाबदारपणाचे आहे. शिवाय आपल्या मते चित्रपट कादंबरीहूनही उथळ आहे, उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर ही सगळ्या परंपरेची थट्टा आहे, आणि सयाजीरावांनी ग्रंथालयांचे जाळे विणले त्या बडोद्यात बसून मराठीतून असल्या विषयावर लिहिणे शोभत नाही. शेवटी आपण विचारले आहे, की मी हे पुस्तक माझ्या भाचीच्या हाती देईन का. या प्रश्नाचे उत्तर मी शेवटीच देते, कारण ते बाकीच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

परंपरेचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर निकाली निघतो. उन्हात व्हॅम्पायर जळून नष्ट होतो हा नियम आपण मूळचा मानता. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त तसे काही नाही. तिथला काउंट लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या दिसतो, फक्त दिवसा त्याची शक्ती मर्यादित असते. उन्हाने मरण येण्याची कल्पना रूढ झाली ती १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटामुळे, आणि तो चित्रपट म्हणजे त्याच कादंबरीचे परवानगीवाचून केलेले रूपांतर होते. स्टोकरच्या पत्नीने त्याविरुद्ध दावा लावला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूमही मिळवला. म्हणजे ज्याला आज आपण परंपरा म्हणतो तीच मुळात एका चित्रपटाने कादंबरीत केलेला फेरफार आहे. ‘ट्वायलाइट’च्या लेखिका स्टेफनी मायर यांनी २००५ मध्ये आणखी एक फेरफार केला, एवढेच. आणि त्या फेरफाराला कथेत काम आहे: ऊन एडवर्डच्या व्हॅम्पायर कुटुंबाला मारत नाही, उघडे पाडते. म्हणूनच ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सतत पावसाच्या आणि ढगाळ हवेच्या गावी राहतात, आणि ऊन पडले की त्यांची मुले शाळेत येत नाहीत.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. एडवर्ड बेलाच्या खोलीत येतो हे खरे आहे, आणि ते वागणे मला मुळीच मान्य नाही. पण चाहती म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे: हे कोण सांगते आहे, आणि आपण ते कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत? कादंबरीचे जवळपास प्रत्येक पान बेलाच्या तोंडून आलेले आहे. तो कसा दिसतो, कसा चालतो, त्याच्या डोळ्यांचा रंग आज काळा आहे की सोनेरी, तो जेवणाच्या सुट्टीत ताटातले काहीच खात कसा नाही, हे सगळे ती टिपते. शेकडो पाने एक मुलगी एका मुलाला निरखते आहे, आणि तेही कसलीही लाज न बाळगता. आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही प्रेमकथांमध्ये निरखण्याचा हक्क बहुधा नायकाकडे असतो आणि नायिकेकडे निरखले जाण्याचे काम असते. ही कादंबरी तो क्रम उलटा करते, आणि जगभरच्या लाखो मुलींनी तिला उराशी धरले ते माझ्या मते याच कारणाने. बेला दुबळी आहे असे आपण लिहिता. पण ला पुशच्या किनाऱ्यावर जेकब या तिथल्या आदिवासी मुलाकडून व्हॅम्पायरांची जुनी कथा गोड बोलून काढून घेणारी तीच, शोध घेऊन निष्कर्षावर येणारी तीच, आणि सत्य कळल्यावरही ‘मला फरक पडत नाही’ असे ठरवणारीही तीच आहे. मालिकेत बराच काळ आपल्यालाही व्हॅम्पायर व्हायचे आहे असे ती सांगत राहते आणि एडवर्ड नकार देत राहतो. तिची इच्छा चुकीची आहे असे कोणी म्हणू शकेल; तिला इच्छाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

या नजरेची एक अडचण आहे, आणि तिथेच चित्रपटाचे महत्त्व मला वाटते. पुस्तकात आपण बेलाच्या डोक्यातून बाहेर पडूच शकत नाही. खोलीत येण्याची कबुली एडवर्ड देतो तेव्हा ती सुखावते, झोपेत आपण काय बोललो असू याचीच तिला चिंता वाटते, आणि तिच्याबरोबर वाचकही सुखावतो. भीती वाटायला तिथे जागाच राहत नाही. कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो मुलीला बाहेरून दाखवतो. कॅथरीन हार्डविक यांच्या २००८ सालच्या चित्रपटात बेला रात्री दचकून जागी होते, कोपऱ्यात एक आकृती उभी दिसते, ती दिवा लावते आणि तिथे कोणी नसते. हे दृश्य भयपटाचे आहे, प्रेमपटाचे नाही. पुढे ती शाळेतून चालत जंगलात शिरते, तो तिच्या मागे जातो आणि ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. आपण कोण आहोत ते, म्हणजे ‘व्हॅम्पायर’ हे नाव, तो तिच्या मागे उभा राहून तिला उच्चारायला सांगतो, कॅमेरा दोघांभोवती फिरतो आणि त्या क्षणी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: तिला त्याच्याकडे वळायचे आहे, आणि तिथून पळून जायला हवे हे पाहणाऱ्याला कळते आहे. कादंबरीत हे संभाषण पोर्ट अँजेलिस या जवळच्या गावाहून परतताना गाडीत होते. ते जंगलात हलवल्याबद्दल काही चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली; मला तो संपूर्ण चित्रपटातला सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल वाटतो. आपल्या आक्षेपाला चित्रपट पुस्तकापेक्षा अधिक जागा देतो, आणि तरीही बेलाची ओढ खोटी ठरवत नाही.

हे योगायोगाने घडलेले नाही. याच कादंबरीवर पूर्वी दुसऱ्या चित्रसंस्थेकडे एक पटकथा लिहिली गेली होती, तिच्यात बेलाला धावपटू केले होते. हार्डविक यांनी ती बाजूला ठेवली आणि कादंबरीकडे परत जायचे ठरवले. मेलिसा रोझेनबर्ग यांनी २००७ च्या नोव्हेंबरमधला पटकथालेखकांचा संप सुरू होण्यापूर्वी घाईघाईने नवी पटकथा पूर्ण केली. सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर एवढा, हॉलिवूडच्या मानाने बेताचा खर्च हाताशी होता. त्यात जे केले ते पाहण्यासारखे आहे. बेला जीवशास्त्राच्या वर्गात शिरते तेव्हा पंख्याचा वारा तिचे केस उडवतो आणि तो वास एडवर्डपर्यंत पोहोचतो. त्याच्या मागे पेंढा भरलेले पांढरे घुबड पंख पसरून ठेवलेले आहे, आणि क्षणभर ते पंख त्याचेच वाटतात. बेला आधी राहत असते त्या फीनिक्सची दृश्ये उबदार पिवळी, आणि फोर्क्स आल्यावर सगळ्या पडद्यावर निळसर हिरवा ओलावा. बडोद्याच्या मे महिन्यात ज्याने हा चित्रपट पाहिला आहे त्याला त्या रंगाचे मोल सांगावे लागणार नाही. कार्टर बर्वेल यांनी रचलेली पियानोची धून मी आजही ऐकते.

चार्लीचाही उल्लेख केला पाहिजे. पुस्तकात बेलाचा बाप तिच्या नजरेच्या कडेला असतो, कारण तिचे लक्ष दुसरीकडे आहे. चित्रपटात तो समोर बसतो. मुलीच्या खोलीबाहेर काय बोलावे ते न सुचून घुटमळणारा, ती घर सोडून जाते तेव्हा दारात उभा राहिलेला तो माणूस बिली बर्क यांनी इतक्या कमी शब्दांत उभा केला आहे, की दुसऱ्यांदा पाहताना मी बेलापेक्षा त्याच्याकडेच अधिक पाहत होते. शिक्षिका म्हणून आपल्याला ज्या मुलींची काळजी वाटते, त्यांच्या आईबापांची जागा या चित्रपटात चार्लीच्या रूपाने आहे.

अभिनय निर्विकार आहे, या आपल्या मताशी मी बेला झालेल्या क्रिस्टन स्टुअर्टपुरती ठामपणे असहमत आहे. अर्धवट सोडलेली वाक्ये, अडखळणे, मान खाली घालणे हा त्या वयाचा खरा बोलण्याचा ढंग आहे. एडवर्डच्या भूमिकेसाठी रॉबर्ट पॅटिन्सनच्या निवडीला सुरुवातीला वाचकांनीच विरोध केला होता. त्याचे कारण मला बडोद्याच्या माणसाला सहज समजावे असे वाटते. सयाजीरावांनी राजा रविवर्मांकडून पुराणप्रसंगांची चौदा चित्रे करून घेतली, त्याआधी नल आणि दमयंती प्रत्येकाच्या मनात वेगवेगळे होते. चित्रकाराने एक चेहरा, एक क्षण, एक वस्त्र ठरवले आणि पुढच्या पिढ्यांच्या मनातही तेच राहिले. रूपांतर करणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि प्रत्येक निवडीने कोणाच्या तरी मनातले चित्र पुसले जाते. पॅटिन्सनने एडवर्डला देखणा पुतळा न करता स्वतःचा तिरस्कार करणारा, अवघडलेला मुलगा केले. मला तो पुस्तकातल्या एडवर्डपेक्षा अधिक पटतो.

चित्रपटाचे जे फसले आहे ते मी लपवणार नाही. कादंबरीतल्या तेराव्या प्रकरणात माळावरच्या उन्हात एडवर्ड गवतावर निजतो आणि बेला भीत भीत त्याच्या हातावरून बोट फिरवते; ते सावकाश, शांत प्रकरण हा पुस्तकाचा गाभा आहे. पडद्यावर त्याची चमक झाडांमधल्या एका उतारावर काही क्षणांत उरकली जाते, वर घुंगरांसारखा आवाज जोडला जातो, आणि माळावर पोहोचेपर्यंत त्या प्रसंगातला जीव गेलेला असतो. तिला पाठीवर घेऊन झाडांवर चढण्याचे दृश्यही तसेच, खर्चाची मर्यादा उघड करणारे. रक्तगट तपासण्याच्या वर्गातला प्रसंग गाळला याचे मला आजही वाईट वाटते, कारण रक्त पाहून भोवळ येणारी मुलगी आणि रक्तापासून पळणारा मुलगा यांची जोडी तिथेच जुळते.

पहिल्या चित्रपटाने पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस अमेरिकेत जवळपास ७ कोटी डॉलर मिळवले; स्त्री दिग्दर्शकाच्या चित्रपटाची तोपर्यंतची ती सर्वांत मोठी सुरुवात होती. त्यानंतरचे चारही चित्रपट पुरुषांनी दिग्दर्शित केले. २००९ च्या दुसऱ्या भागात एक उत्तम जागा आहे: एडवर्ड सोडून गेल्यावर पुस्तकात केवळ महिन्यांची नावे छापलेली कोरी पाने येतात, आणि चित्रपटात खिडकीशी बसलेल्या बेलाभोवती कॅमेरा फिरत राहतो आणि बाहेरचे ऋतू बदलतात. पण एकंदरीत लांडगे, फौजा आणि लढाया वाढत गेल्या. शेवटच्या कादंबरीत जी लढाई होतच नाही, ती २०१२ च्या चित्रपटात भविष्यदर्शनाच्या निमित्ताने सविस्तर दाखवली. तिथवर येईपर्यंत बेला पाहणारी राहिली नव्हती, आपण तिला पाहत होतो. म्हणूनच माझा लेख फक्त पहिल्या चित्रपटाविषयी होता.

आपल्या प्रतिक्रियेत नसलेला एक आक्षेप मात्र मला फार गंभीर वाटतो. ला पुश येथील क्विल्यूट ही खरी, आज नांदती आदिवासी जमात आहे. तिच्या नावाने लेखिकेने माणसांचे लांडगे होण्याची कथा रचली, त्या नावावर वस्तू विकल्या गेल्या, आणि त्या लोकांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. त्यांची वस्ती त्सुनामीच्या धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि उंचावर स्थलांतर करण्यासाठीची जमीन त्यांना २०१२ सालच्या कायद्याने मिळाली. चाहत्यांनी याविषयी बोलले पाहिजे, आणि मी पुढचा लेख त्यावरच लिहिणार आहे.

सयाजीरावांच्या वारशाबद्दल आपण लिहिले आहे, तेव्हा त्याच वारशाच्या आधाराने उत्तर देते. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले, आणि पेट्यांमधून गावोगाव पुस्तके धाडली. मुली वाचू लागल्या की त्या आपल्या आवडीचेही वाचणार. त्या काय वाचतात यावर त्यांच्याच भाषेत, गांभीर्याने लिहिले गेले नाही, तर त्या वाचत राहतीलच, फक्त त्याबद्दल मोठ्यांशी बोलणार नाहीत.

म्हणून भाचीविषयीच्या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. ती चौदा वर्षांची झाली की मी तिला कादंबरी देईन, आणि वाचून झाल्यावर तिच्याबरोबर पहिला चित्रपट पाहीन. रात्रीच्या खोलीतल्या त्या दृश्यापाशी थांबून तिला विचारीन, की पुस्तकात हे वाचताना तुला भीती वाटली होती का, आणि आता पाहताना वाटते का. ती काय म्हणेल ते मी गृहीत धरत नाही. आपण इतकी वर्षे मुलींना शिकवलेत. या प्रश्नापुढे तिला आणखी काय विचारावे, हे आपण सुचवलेत तर मला हवेच आहे.

आपली नम्र,
लेखिका