ससा खरा झाला, हे त्या मुलाला कळलेच नाही

खेळण्याच्या गोष्टीवर चित्रपट काढताना ती गोष्ट खेळण्याचीच राहू द्यावी, एवढीच माझी अपेक्षा असते. मार्जरी विल्यम्स यांच्या ‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ या १९२२ सालच्या पुस्तकावर निघालेले दोन कौटुंबिक चित्रपट मी मुलांसोबत बसून पाहिले, आणि दोन्ही वेळा ही अपेक्षा अपुरी राहिली. पुस्तक ज्यांच्या वाचनात आलेले नाही, त्यांच्यासाठी आधी मूळ गोष्ट सांगते.

नाताळच्या सकाळी एका मुलाला भुसा भरलेला मखमली ससा मिळतो. दोन तास त्याचे कौतुक होते आणि मग इतर भेटवस्तूंच्या गडबडीत तो मागे पडतो. चावीची, यंत्राची खेळणी त्याला हिणवतात. त्याच्याशी नीट बोलतो तो एकटा कातडी घोडा, जो त्या खोलीतला सर्वांत जुना रहिवासी आहे. त्याच्या अंगावरचे केस जागोजागी गेले आहेत, शिवणी उघड्या पडल्या आहेत आणि शेपटीचे केस तर कोणी मणी ओवायला उपटून नेले आहेत. मूल एखाद्या खेळण्यावर दीर्घकाळ मनापासून माया करते तेव्हा ते खेळणे खरे होते, आणि तोवर ते बहुधा पुरते झिजलेले असते, असे तो सशाला समजावतो. पुढे एका रात्री मुलाचा नेहमीचा चिनी मातीचा कुत्रा सापडत नाही. सांभाळणारी बाई घाईत असते; ती हाताला लागलेला ससा उचलून मुलाच्या कुशीत देते. एवढ्या साध्या योगायोगातून सारे घडते. लेखिकेने तिथे चमत्कार वापरलेला नाही, आणि म्हणूनच ती माया मला खरी वाटते.

चित्रपटांनी नेमके हेच बदलले आहे. पुस्तकातल्या मुलाला नावसुद्धा नाही. तो फक्त ‘मुलगा’ आहे आणि एकाकी तर मुळीच नाही. सणाला त्याचे घर काका-मावश्यांनी भरते. मायकेल लँडन ज्युनियर यांच्या २००९ च्या चित्रपटात मात्र तो टोबी होतो, त्याचे वडील दुरावलेले आहेत, आजी कडक शिस्तीची आहे, आणि ती घडी नीट बसवण्याचे काम सशाकडे येते. ॲपल टीव्हीवर २०२३ साली आलेल्या पाऊण तासाच्या चित्रपटात तो सात वर्षांचा विल्यम आहे, जो नव्या घरी राहायला आल्यामुळे एकटा पडला आहे. दोन्हीकडे प्रश्न मुलाचा आहे आणि ससा त्यावरचा उपाय. पुस्तकात प्रश्न सशाचा आहे: मी खरा आहे का, आणि हे ठरवणार कोण? हा प्रश्न बाजूला सारला की उरते ती एका एकाकी मुलाला सोबत मिळाल्याची कथा. ती वाईट नसते, पण ती इतर अनेक चित्रपटांत आपण पाहिलेली असते.

या गोष्टीचा उत्तरार्ध कठोर आहे. मुलाला स्कार्लेट फीव्हर होतो. प्रतिजैविके त्या काळी नव्हती, त्यामुळे संसर्ग टाळण्यासाठी रुग्णाच्या वापरातल्या वस्तू जाळून टाकत. मूल बरे झाल्यावर डॉक्टर सशालाही जाळायला सांगतात. पोत्यात जुन्या चित्रपुस्तकांसोबत कोंबलेला ससा कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन पडतो, आणि त्या संध्याकाळी माळी बटाटे खणण्यात आणि वाटाण्याच्या शेंगा तोडण्यात गुंतलेला असल्यामुळे जाळण्याचे काम सकाळवर जाते. त्या एका रात्रीत परी येते आणि ससा जिवंत होऊन रानात जातो. मुलाला दरम्यान नवा ससा मिळालेला असतो आणि समुद्रकिनारी जाण्याच्या आनंदात तो जुन्याची फारशी विचारपूस करत नाही. वसंतात दोघे समोरासमोर येतात. मुलाला वाटते, हा ससा अगदी माझ्या हरवलेल्या सशासारखा दिसतो. एवढेच. हा तोच आहे, हे त्याला कधीच कळत नाही.

सुट्टीत अमळनेरला आमच्या गल्लीतल्या मुलांना चित्रपट दाखवल्यावर मी हा मूळ शेवट तोंडी सांगितला. सगळी गप्प झाली. मग एका मुलीने अहिराणीतून विचारले, “मंग त्या पोऱ्याले समजनंच नही का?” नाही समजले, असे मी म्हटले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, पण सशाला तर समजले ना. जे मला या पोस्टमध्ये इतक्या ओळी खर्चून सांगावे लागत आहे, ते तिने एका वाक्यात सांगितले.

मुलांना असले दुःख सोसत नाही, म्हणून गोष्ट सौम्य करावी, असे अनेक पालक मला सांगतात. हे निदान आपल्या खान्देशात तरी कोणी म्हणू नये. भाद्रपद पौर्णिमेला आपल्याकडे मुली मातीच्या गुलाबाई-गुलोजींची स्थापना करतात. संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, खाऊचा झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखतात, आणि महिनाभर जिचे इतके लाड केले, तिला कोजागिरीला स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडून येतात. कुणी रडते, कुणी पुढच्या वर्षीच्या गप्पा करत घरी येते. माती पाण्यात विरघळणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि त्यामुळे त्यांच्या मायेत काही कमी पडत नाही. या मुलींना पोत्यातल्या सशाची रात्र दाखवायला कचरण्याचे काहीच कारण नाही.

२०२३ च्या चित्रपटातली एक गोष्ट मात्र मी आनंदाने मान्य करते. तिथल्या घोड्याला हेलेना बॉनहॅम कार्टर यांचा आवाज आहे, आणि घोड्याचे वय, त्याची समजूत त्या आवाजातून जाणवते. घोडा बोलू लागला की पडद्यावर खरोखर पुस्तक अवतरते. संपूर्ण चित्रपट त्याच धीराने केला असता, तर ही पोस्ट लिहिण्याची वेळ आली नसती.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हे चित्रपट जरूर दाखवा, पण आधी गोष्ट सांगा, तीही शेवटासकट. आणि आपल्याकडे कुणी कधी या गोष्टीवर मराठीत काही करणार असेल, तर त्या मुलाला नाव देऊ नका आणि वसंतातल्या त्या भेटीत त्याला सशाची ओळख पटू देऊ नका.