गाडीचा ठिपका दिसतो, पण कापूस?

सीझन सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "आता गाडीला जीपीएस, गाठीला क्यूआर. तुमचा कापूस घरून निघाल्यापासून गिरणीत पोचेपर्यंत उपग्रह पाहणार, तुम्ही मोबाइलवर पाहणार. काटामारी बंद, दलाल बंद, पूर्ण भाव, तेही फुकट." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधतात त्या कारखान्यात, गाड्या रवाना करायच्या टेबलावर मी बसतो. दिवसभर हेच ठिपके पाहतो, म्हणून लिहितो आहे.

उपग्रह कुणाच्याही गाडीकडे पाहत नाही. तो नुसते वेळेचे सिग्नल खाली सोडत असतो. गाडीतली डबी चार-पाच उपग्रहांचे सिग्नल पकडून आपण कुठे आहोत याचा हिशेब स्वतः करते. तो हिशेब आमच्या स्क्रीनवर यायचा तर डबीतल्या सिमला टॉवर मिळावा लागतो. मागच्या हंगामात तमिळनाडूला निघालेली एक गाडी आदिलाबादच्या पुढच्या जंगलात रात्री साडेअकराला थांबलेली दिसली. मालकाचा फोन आला, "काहून थांबली? डिझल तं नाही काढून राह्यला तो?" ड्रायव्हरचा फोन लागेना. पाऊण तास आम्ही त्या ठिपक्याकडे डोळे लावून बसलो आणि मग तो एकदम पस्तीस किलोमीटर पुढे उडाला. गाडी थांबलीच नव्हती. रेंज आल्याबरोबर डबीने साठवून ठेवलेली सगळी ठिकाणं एका दमात ओकली.

मेसेजमधला सगळ्यात मोठा घोळ क्यूआरचा आहे. पिकअप फाटकातून आत येते, काट्यावर चढते, ओलावा मोजतात, ग्रेडर मूठभर कापूस ओढून धागा पाहतो आणि गाडी गंजीवर खाली होते. तिथून पुढे तुमचा कापूस ओळखू येत नाही. अल्लीपूरच्या कापसावर समुद्रपूरचा पडतो, त्यावर वणीकडचा. एक गाठ 170 किलोची. क्विंटलमागे रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते 33 ते 35 किलो, म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. 100 गाठींचा लॉट धरला तर 500 क्विंटल. पिकअपमागे पंधरा क्विंटल मोजले तरी तीसेक शेतकऱ्यांचा माल त्यात असतो. आणि कोड लागतो तो गाठ प्रेसमधून बाहेर पडल्यावर! 'कस्तुरी कॉटन भारत' या भारतीय कापसाच्या ब्रँडच्या गाठींवर क्यूआर असतो, तो गिरणीवाल्याच्या कामाचा आहे. गाठ कोणत्या जिनिंगची, तपासणीत कशी उतरली, हे त्याला कळतं. तुमच्या सातबाऱ्यापर्यंत तो माग येत नाही. तो आणायचा तर गंजी वेगळी लावावी लागते. जैविक कापसाला लावतात, पण जागा आणि मजुरी दोन्ही वाढतात. शिवाय कोड आपणहून कुठे काही पाठवत नाही. कुणी स्कॅन केलं तेव्हाच नोंद होते. गोदामातला स्कॅनरवाला पोरगा जेवायला गेला की कागदोपत्री माल तिथेच अडकलेला असतो.

काटामारीचं तर हसूच येतं. वजनात मारतात ते खेडा खरेदीत, तुमच्या ओट्यावर, व्यापाऱ्याने पिशवीतून आणलेल्या काट्यावर. नाहीतर ओलाव्याच्या आकड्यात. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर 8 टक्के ओलावा धरून हमीभाव मिळतो, 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते आणि त्याच्या वरचा कापूस परत. या एकेका टक्क्यावर भांडणं होतात. आमची जीपीएसची डबी चालू होते तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं, कापूस रुई झालेला असतो आणि तुम्ही चुकाऱ्याची वाट पाहत असता. गाडी कुठे आहे ते डबी सांगते, तिच्यात किती माल आहे हे तिला ठाऊक नसतं. काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, यंदाचा शिक्का आहे का हे पाहणं, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या दोन्ही पावत्या घेणं, यात ना उपग्रह लागतो ना रिचार्ज.

दलाल आहे तिथेच आहे. फरक एवढाच की आता तो सकाळी सहाला "लोकेशन टाका" म्हणतो.

भावाचं बोलायचं तर 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमकं आपल्या वेचणीच्या तोंडावर बाहेरच्या कापसाला स्वस्तात वाट झाली. त्या दिवसांत आमच्या सगळ्या गाड्या स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होत्या.

ट्रॅकिंग बिनकामाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या परवान्याची, मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. कोइम्बतूरपर्यंत 1300 च्या वर किलोमीटर आहेत, म्हणजे सात दिवस. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते. ते चुकलं की दंडाची टांगती तलवार. ठिपक्यामुळे हे वेळेत कळतं, आणि गिरणीच्या फाटकावर गाडी दोन दिवस उभी राहिली तर भाड्याच्या भांडणात पुरावाही मिळतो. फायदा आहे, पण तो जिनिंगवाल्याचा, ट्रान्सपोर्टवाल्याचा आणि गिरणीचा.

राहिलं 'फुकट'. डबीला पैसे लागतात, सिमला रिचार्ज लागतो. फुकट आहे ते ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन, आणि ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं. संध्याकाळी निघालेल्या गाडीचं पहाटे संपतं. ड्रायव्हर तेव्हा कुठल्यातरी धाब्यावर नुकताच आडवा झालेला असतो. त्याला उठवून "भाऊ, पुन्हा पाठव" म्हणायचं काम माझ्याकडे आहे, आणि तो जे ऐकवतो ते इथे लिहिता येत नाही.