ड्रॅगनबॉर्न आला आणि आमची रात्र वाया गेली

काल रात्रीपासून डोकं फिरलंय, आज ऑफिसात पण तेच घोळत होतं, म्हणून इथे ओकून टाकते. ज्यांना गेमिंगमधलं काही कळत नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा. ज्यांना कळतं ते माझ्याच बाजूने असणार.

तर आम्ही काही नाशिककर आणि दोघं पुण्याचे (चालतंय, वाईट नाहीत) एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या गेमवर रोलप्ले करतो, म्हणजे आपापलं पात्र होऊन टाइप करत नाटक वठवतो. सर्व्हर फ्रँकफर्टला, त्यामुळे पिंगची (सिग्नल जाऊन यायच्या वेळेची) बोंब, त्यात गंगापूर रोडची लाइट गेली की माझं कॅरेक्टर जागच्या जागी पुतळा. तरी करतो. काल गेममधल्या डेव्हन्स वॉच शहरातल्या खानावळीत सीन होता. मी डनमर (म्हणजे डार्क एल्फ) म्हातारी, हाउस ड्रेसची. म्हणजे गुलामांच्या जिवावर गब्बर झालेलं घराणं. समोर सिडकोच्या मित्राचा आर्गोनियन (सरड्यासारख्या माणसांची जमात), त्याच घराण्याच्या मळ्यावर राबलेला आणि आता सुटलेला. गेममधल्या दुसऱ्या युगाच्या ५७२ साली अकावीरी (समुद्रापलीकडचे लोक) चालून आले तेव्हा नॉर्ड (उत्तरेकडची माणसं), डनमर आणि आर्गोनियन एकत्र लढले, त्यातून एबनहार्ट पॅक्ट हा तिघांचा करार झाला आणि गुलाम सोडावे लागले. गेम घडतो ५८२ मधे. दहा वर्षं! दहा वर्षांत कोण विसरतं? काल परवापर्यंत मालक असलेली बाई आणि गुलाम असलेला माणूस आता कागदोपत्री दोस्त.

तो आला, माझ्या टेबलाशी बसला, काही बोलला नाही. माझ्या पुढ्यातला पेला उचलला आणि स्वतःकडे सरकवला. एवढंच टाइप केलं त्याने. मला खरंच सुचेना काय लिहू, ओरडले तर पॅक्टमधे राहून पॅक्टचा अपमान आणि गप्प बसले तर म्हातारीच्या सात पिढ्या वर बसून शिव्या घालणार. कर्सर नुसता लुकलुकतोय. सगळे थांबलेले.

आणि धाडकन दार उघडून एक नवीन पोरगा आत. "मी शेवटचा ड्रॅगनबॉर्न आहे, सगळ्यांनी गुडघे टेका."

अरे!! बाळा!! शेवटचा ड्रॅगनबॉर्न (अंगात ड्रॅगनचं रक्त असलेला) याच मालिकेतल्या स्कायरिम या गेममधे येतो, चौथ्या युगाच्या २०१ साली. दुसरं युग ८९६ वर्षं चाललं, तिसरं ४३३, हिशोब कर, तू जवळजवळ साडेनऊशे वर्षं आधी टपकलायस. आणि माझा खरा राग तारखेचा नाहीच. या गेमची सगळी गोष्टच मुळात कशाने सुरू होते? व्हारेन नावाच्या माणसाला ड्रॅगनबॉर्न सम्राट व्हायचं होतं, रक्तात काही नाही पण अम्युलेट ऑफ किंग्ज (सम्राटांचा ताईत) मिळालं की जमेल असं वाटलं, मॅनिमार्को नावाच्या जादूगाराने त्याला बरोब्बर फसवलं, विधी उलटा फिरला आणि मोलाग बाल हा राक्षसी देव अख्खं जग साखळ्या लावून ओढायला लागला. म्हणजे एका माणसाच्या "मी ड्रॅगनबॉर्न होणार" या हट्टापायी जिथे आभाळ फाटलंय त्या जगात तू लाथ मारून दार उघडतोस आणि तेच वाक्य फेकतोस, आणि तुला पत्ताच नाही तू काय बोललास.

समजावलं तर म्हणे "गेमच आहे ना ताई, चिल." आणि मग ग्रुपवर एकाने लिहिलं की तुम्ही जुने लोक नव्यांना घुसू देत नाही.

यावर मला आमची आजी आठवते. धुळवडीला वीर निघतात, नाशिकवाल्यांना सांगायला नको. घरचे टाक घेऊन रामकुंडावर जायचं आणि पोरांना देवांचे वेश करायचे. एका वर्षी आतेभावाला खंडोबा केलं, कपाळभर भंडारा, काजळाच्या मिशा, आणि या पठ्ठ्याने कमरेला टिकल्यांचं पिस्तूल खोचलं. आजीने ते काढून घेतलं. त्याने जुन्या नाशकातली सगळी गल्ली ऐकेल असं भोकाड पसरलं. ती ओरडली नाही. ओट्यावर बसवून त्याला मणी-मल्लाची गोष्ट सांगितली, घोडा कसा, खांडा कसा, आणि मग पत्र्याचा खांडा हातात दिला. त्यानंतर जे पोरगं चाललंय ना मिरवणुकीत! मान सुद्धा वळवत नव्हतं.

आता कोणी म्हणेल आजीने त्याची मजा घालवली. कसली घालवली? पिस्तूल तिनेच दिवाळीला घेऊन दिलेलं होतं. तिचं म्हणणं एवढंच की खंडोबा झालायस तर खंडोबा हो.

हां, एक मान्य करते, नाइलाजाने. गेम स्वतःच प्रत्येकाला "जगाला वाचवणारा तूच" म्हणत बसतो, मग पोरांना तसं वाटलं तर नवल नाही. आणि बनवणारे पण काही सोवळे नाहीत, जुन्या पुस्तकात सिरोडील प्रांत म्हणजे दमट घनदाट जंगल होतं, याच मालिकेतल्या २००६ च्या ऑब्लिव्हियन गेममधे त्याचं साधं रान झालं. पण निदान सारवासारव तरी करतात हो! डॅगरफॉल या जुन्या गेमचे अनेक शेवट होते तर कुठलाच खोटा न ठरवता सगळे एकदम घडले, काळच मोडला होता, असं ठरवून टाकलं. इतकी मेहनत फक्त आधीचं फेकायला लागू नये म्हणून. आणि आपल्याला सुरुवातीची दोन पुस्तकं वाचायला जिवावर येतं, जी गेममधेच कपाटात पडलेली असतात, फुकट.

आणि खरं सांगू का, कालचा पेला मला परत मिळणार नाही. तोच सीन परत घेऊ म्हणाले सगळे, पण आता मित्र पेला उचलणार हे मला माहितीये. ते कर्सर लुकलुकणं गेलं. त्या पोराला हे कधी कळेल माहीत नाही. आतेभावाला तरी गोष्ट सांगणारी आजी होती, या पोराला आम्ही सरळ खानावळीबाहेर काढलं, आणि काढणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. पोरगा बारावीचा असेल नसेल, आणि एंट्री जोरदार घेतली होती हे नाकारत नाही. ५८२ मधे सम्राटाची गादी रिकामी आहे, हक्क सांगणारे गल्लोगल्ली. म्हणून मगाशी त्याला मेसेज टाकला, की ड्रॅगनबॉर्न नको, तोतया हो. स्वतःला ड्रॅगनबॉर्न समजणारा, किंवा समजत नसलेला पण लोकांना तसं सांगून पैसे उकळणारा. आमच्या म्हातारीकडे ड्रेसचा पैसा आहे आणि वारस नाही, ती फसेल सुद्धा. शनिवारी रात्री साडेनऊ, तीच खानावळ, आणि दार हाताने उघड म्हणावं.

निळी टिक आलीये. अजून उत्तर नाही.